तब्येत उतरली

मंगळवार, ३ मार्च

आज बाळचं वजन केलं. बाळ म्हणजे माझा मुलगा, वय वर्षे एक्केचाळीस. दवाखान्यात गोदामातल्यासारखा जमिनीलगतचा काटा आहे. त्यावर तो डोळे मिटून उभा राहिला. सर्जनबाईंनी आकडा मोठ्याने वाचला नाही, कागद स्वतःकडे वळवून लिहिला. पण उलटी अक्षरं वाचण्यात माझी हयात गेली. एकतीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले, तेही शाळेच्या क्रमिक पुस्तकांचे. एकशे एकाहत्तर.

"साखर आहे, रक्तदाब आहे, गुडघे गेलेत," बाई म्हणाल्या. "पण मला भीती झोपेची वाटते. झोपेत याचा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो."

खरं आहे. बाळ टॅक्सीच्या केंद्रावर फोन घेतो, कोणती गाडी कुठे पाठवायची ते सांगतो. गेल्या महिन्यात फोन कानाला लावूनच झोपला. पलीकडे बाळंतपणाला निघालेली एक बाई हॅलो हॅलो करत राहिली. शेजारच्याने गाडी पाठवली म्हणून निभावलं. त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "बाबा, पोट कापून घेतो. आता पुरे."

याला आजार म्हणायचं हे माझ्या जिभेला अजून जमत नाही. त्याची आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. दोन महिने अन्नाला शिवला नाही. मग हळूहळू खायला लागला, गाल वर आले, आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, "पोरगं सुधारलं हो!" केवढा फुललो होतो मी. एकट्या बापाने पोर वाढवलं याचं ते प्रशस्तिपत्रक होतं. मग तो सुधारतच गेला. थांब म्हणायचं कधी, हे मला कोणी सांगितलं नाही.

सोमवारी ऑपरेशन.

सोमवार, ९ मार्च

चार तास व्हरांड्यात. मनातल्या मनात तिसरीचं पुस्तक पहिल्या पानापासून म्हणत गेलो. 'पूल आणि नदी' या कवितेपाशी आलो आणि दार उघडलं.

"झालं. छान झालं," बाई म्हणाल्या. "जठर आता अंड्याएवढं आहे."

एवढ्याशात माझा मुलगा मावणार कसा?

गुरुवार, १२ मार्च

घरी आलो. येताना टॅक्सीची मागची अख्खी सीट त्याला लागली, मी पुढे बसलो. गाडी 'मिशी'ची. मिशी हा बाळच्या केंद्रावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. बाळला सगळे ड्रायव्हर 'कंट्रोल' म्हणतात.

"काय कंट्रोल," मिशी आरशात बघून म्हणाला, "आता बारीक होऊन आम्हाला ओळख देशील ना?"

"आवाज तोच राहील," बाळ म्हणाला. "शिव्या त्याच आवाजात घालीन."

दवाखान्याने एक छापील पत्रक दिलंय. घोटघोट पातळ घ्यायचं. शक्तीच्या गोळ्या रोज, जन्मभर. आठवड्याला सिस्टरांना फोन. काहीही वाटलं तर लगेच फोन. पत्रकात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. पेन्सिलीने दुरुस्त करून भिंतीला लावलं.

रविवार, २९ मार्च

आज बाळने बूट स्वतः बांधले! नऊ वर्षं ते काम माझ्याकडे होतं. तो पलंगाच्या कडेला बसायचा, मी पाटावर, आणि त्याच्या सुजलेल्या पावलांवर नाडी आवळताना एखादी कविता म्हणायचो. आज वाकला, लाल झाला, पण बांधले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पाटावर बसून राहिलो, हातांना काय करावं ते कळेना.

एक गोष्ट मात्र बरी नाही. गुरुवारपासून घेतलेलं परत येतंय. सूप आलं, दूध आलं. बाळ मोरीत जातो, नळ सोडतो, मला ऐकू येऊ नये म्हणून.

"सिस्टरांना सांगू या रे."

"नका. पुन्हा कापतील. होईल नीट."

मीही घाबरटच. त्याचं ऐकलं.

सोमवार, ६ एप्रिल

मला राहवलं नाही. तो झोपलेला बघून फोन लावला. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

"सिस्टर, बाळची तब्येत फार उतरली हो."

"किती उतरली, काका?"

"चोवीस किलो. पार उतरलाय. बघवत नाही."

"अरे वा! चार आठवड्यांत चोवीस? मस्तच की! अहो काका, उतरायलाच तर ऑपरेशन केलं. तुम्हाला सवय नाही ना त्याला असं बघायची."

"अन्न ठरत नाही त्याच्या पोटात."

"भूक कमी लागणारच आता. जबरदस्ती करू नका. गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," मी म्हणालो.

खोटं बोललो. म्हणजे सकाळी दिली होती, तीही परत आली. 'उलटी' हा शब्द तोंडातून निघाला नाही, बाळला वचन दिल्यासारखं होतं. आणि त्यांच्या तोंडचं 'वा' ऐकून मला वाटलं, मूर्ख आहेस म्हाताऱ्या. ज्याला तू खचणं म्हणतोस त्यालाच हे लोक बरं होणं म्हणतात. गाडी बरोबर रुळावर आहे, तूच उलटा बसलायस.

सोमवार, १३ एप्रिल

शक्तीच्या गोळ्या थांबवल्या. पोटात गेल्या की त्यांच्याबरोबर पाणीसुद्धा बाहेर येतं. जरा शक्ती येऊ दे, मग सुरू करू. एक गोष्ट मात्र ठरते: साखरपाणी. दोन-दोन चमचे दिवसभर पाजतो. तेवढीच तरतरी. पाजताना तो अकरा वर्षांचा दिसतो.

पावलांना मुंग्या येतात म्हणतो. इतकं ओझं वाहिलं त्या पावलांनी, आता ते उतरतंय, तर कुरकुरणारच.

दुपारी म्हणाला, "बाबा, तुम्ही दोन दोन दिसताय." मी बारकाईने पाहिलं. चेहरा उतरल्यामुळे चष्मा नाकावरून घसरतो! काचेच्या कडेतून बघितल्यावर दोन दिसणारच. चष्म्याला मागून दोरा बांधून दिला. "आता?" विचारलं. "अजून दोनच," म्हणाला, "पण दोघेही म्हातारे आहेत." हसलो दोघं. किती दिवसांनी.

शुक्रवार, १७ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा. बाळ बोलायला लागला!

हा मुलगा जन्मभर माझ्या आठवणींना कंटाळलेला. मी 'तुला आठवतं का' म्हटलं की रेडिओचा कान पिळायचा. आणि आज आपणहून म्हणतो, "बाबा, काल आपण छापखान्यात गेलो होतो ना, तिथे आईने मला ट्रेमधून 'ब'चा खिळा काढून दिला."

काल आम्ही कुठेच गेलो नाही. छापखाना बंद होऊन चौदा वर्षं झाली. पण सांगताना त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मी मोडता घातला नाही. मीही म्हटलं, "हो, आणि तुझी बोटं काळी झाली." "साबणाने निघेनात," तो म्हणाला. "आई रागावली." असे आम्ही तासभर त्या कधीच न झालेल्या दुपारी हिंडलो. स्वप्नं बघायचा माझा गुण एक्केचाळीस वर्षांनी का होईना, मुलात उतरला.

मधूनच विचारतो, आज वार कोणता. सांगितला की पुन्हा विचारतो. घरात बसून वारांचं काय कळणार? मलाही कळत नाही.

भिंत धरून चालतो. पाय हलके झालेत, सवय व्हायला वेळ लागेल.

मंगळवार, २१ एप्रिल

दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे.

सकाळी मिशी भेटायला आला. बाळ त्याच्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "आत्ताच तर मला सोडून गेलास. काही विसरलास का?" मिशी वीस वर्षं त्याचा आवाज ऐकतोय, पंधरा दिवसांत तोंड बघितलेलं नाही. थोड्या वेळाने बाळ मोरीकडे निघाला, तेव्हा मिशीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"काका, याला चालताना बघितलंत?"

"पाय हलके झालेत रे."

"हलका माणूस असा चालतो? मी रोज प्यायलेल्यांना मागे बसवतो. पाय फाकवून, भिंत चाचपत, असाच येतो बेवडा. हा न पिता तसा चालतोय. आणि डोळे? ते नाचतायत, काका. तुम्ही रोज समोर बसता ना?"

मला राग आला. माझ्या मुलाला बेवडा म्हणतो! मी म्हणालो, "त्याचं डोकं शाबूत आहे. थांब, दाखवतो." बाळला बसवलं आणि म्हटलं, "पूल आणि नदी."

त्याने डोळे मिटले आणि एक अक्षर न चुकता सुरू केलं:

पूल म्हणाला नदीस, थांब जराशी बाई,
नदी म्हणाली, थांबायाची सवय मला रे नाही.

सहाही कडवी म्हटली. तिसरीत शिकलेली कविता! मी मिशीकडे जिंकल्यासारखं बघितलं.

"कविता राहू द्या," मिशी म्हणाला. "कंट्रोल, सकाळी काय प्यायलास रे?"

"सकाळी?" बाळ म्हणाला. "सकाळी आम्ही सगळे बागेत होतो. आई, बाबा, मी. तिथेच खाल्लं. पोटभर."

सकाळी त्याने चार चमचे साखरपाणी घेतलं होतं आणि तेही टिकलं नव्हतं. माझ्या हातून. अर्ध्या तासापूर्वी.

तीस वर्षांपूर्वीचं अख्खं, आणि अर्ध्या तासापूर्वीचं कोरं. आणि कोऱ्या जागेत तो मला आवडेल ते भरत होता. मी टाळ्या वाजवत होतो.

मिशीने त्याला जवळजवळ उचललं. पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. पट्टा लागला. कधी काळी त्याच पट्ट्यासाठी आम्ही नवस बोललो असतो.

बुधवार, २२ एप्रिल

सर्जनबाई काल धावत आल्या होत्या. "उलट्या किती दिवस?" त्यांनी विचारलं. मी 'परत येतं' असं काहीसं पुटपुटलो. त्या थांबल्या. "काका, सरळ सांगा. उलट्या. कधीपासून?"

मला तारीख आठवेना. पिशवीतून ही वही काढून दिली. माझी खासगी वही, आजवर कोणाला दाखवली नाही. बाई उभ्या उभ्या वाचू लागल्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं, मग पुढच्या. गोळ्या बंद. साखरपाणी. मुंग्या. दोन दोन. भिंत धरून. छापखाना.

"सिस्टर, सलाइनमध्ये साखर नको. आधी बी-वन. शिरेतून, आत्ता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतके दिवस अन्न टिकलं नाही तर अंगातलं एक जीवनसत्त्व संपतं. मेंदू त्यावर चालतो. साखर ते उरलंसुरलंही खर्च करून टाकते."

"म्हणजे मी पाजत होतो ते…"

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "हे तुम्ही लिहिलं नसतं तर मला अजून दोन दिवस शोधत बसावं लागलं असतं. तेवढे याच्याकडे नव्हते."

त्यांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी सगळं बघितलं होतं. तारीखवार, स्वच्छ अक्षरात. नुसतं वाचलं नव्हतं. एकतीस वर्षं हेच केलं, अक्षर न् अक्षर जुळवलं आणि अर्थ दुसऱ्यांवर सोडला.

फोनवरच्या सिस्टर कोपऱ्यात उभ्या होत्या. नाक लाल. "काका, तुम्ही 'तब्येत उतरली' म्हणालात, मला वाटलं वजन. मी विचारायला हवं होतं." पोरीच्या वयाची आहे. मी म्हटलं, "आणि मी सांगायला हवं होतं." दोघंही खरं बोललो, पण त्याने काय होतं आता?

शुक्रवार, २४ एप्रिल

डोळे नाचायचे थांबले. मी एकच दिसतो म्हणाला. काल जठराच्या आवळलेल्या तोंडातून नळी घालून ते रुंद केलं. आज अर्धी वाटी सूप गेलं आणि आतच राहिलं. मी वाटीकडे बघत बसलो.

मंगळवार, २८ एप्रिल

"बाबा, माझं ऑपरेशन कधी आहे?"

आज सात वेळा विचारलं. सातही वेळा सांगितलं, झालं रे, सात आठवडे झाले. प्रत्येक वेळी पोटावरच्या खुणा चाचपतो, प्रत्येक वेळी नव्याने दचकतो. मग म्हणतो, "मग मी बारीक का नाही झालो?" एकशे छत्तीस आहे. पण त्याच्या मनातल्या आरशात अजून एकशे एकाहत्तरच उभा आहे.

बाईंना विचारलं, हे असंच राहणार का. म्हणाल्या, "डोळे लवकर येतात, पाय उशिरा. आठवण कधी येते, कधी अर्धीच येते, कधी नाही. आत्ता कोणीच सांगू शकत नाही."

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडायचा हे त्याच्याकडूनच शिकलो.

रविवार, ३ मे

आता रोज एक बाई येऊन त्याच्या आठवणीचा व्यायाम घेतात. आज मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तो काहीही रंगवून सांगतो तेव्हा तुम्ही हो ला हो करता का?"

"कधी कधी."

"नका करू. प्रेमाने, पण स्पष्ट सांगा की असं झालं नाही. मग काय झालं ते सांगा. नाहीतर खरं-खोटं वेगळं करायला त्याला जागाच उरणार नाही."

हे मला सांगताहेत! मी जन्मभर जे झालं नाही त्यातच राहिलो.

शनिवार, ९ मे

दुपारी तो पलंगावर बसून म्हणाला, "काल आई येऊन गेली. निळी शाल होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, किती वाळलास रे."

निळी शाल तिच्याकडे होती. हात ठेवायची पद्धतही तीच. गेल्या तीस वर्षांत तिच्याबद्दल कोणी माझ्याशी इतकं जिवंत बोललं नव्हतं. मला विचारायचं होतं, आणखी काय म्हणाली? माझ्याबद्दल काही विचारलं का?

ओठ चावून म्हटलं, "नाही बाळ. असं झालं नाही. आई नाही आता. तू अकरा वर्षांचा होतास. काल इथे मी होतो, आणि मिशी येऊन गेला."

त्याचा चेहरा पडला. पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मला वाटलं, तिला मीच दुसऱ्यांदा नेऊन पोचवलं. संध्याकाळपर्यंत तो हे विसरेल, आणि उद्या मला पुन्हा हेच करावं लागेल. याला उपचार म्हणतात.

गुरुवार, १४ मे

रोज तेच. शाल, हात, वाळलास. रोज मी 'नाही' म्हणतो. आज म्हणताना आवाज फुटला, तर तोच मला म्हणाला, "असू दे बाबा." का असू दे ते त्याला माहीत नव्हतं.

शनिवार, १६ मे

सकाळी तोंड धुऊन झाल्यावर खिडकीपाशी बसलो होतो. त्याने सुरू केलं, "काल आई…"

आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठी, जड काहीतरी उचलताना पडते तशी.



"नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणाला होतात. काल. असं झालं नाही म्हणालात. रडत होतात."

काल नव्हे, परवा. दुरुस्त करावंसं वाटलं, पण केलं नाही. ऑपरेशनपासून आजपर्यंत त्याच्या डोक्यात टिकलेली ही पहिली गोष्ट. मी त्याला इतकं पाजलं, इतकं सांगितलं, आणि टिकलं ते माझं एक 'नाही'.

"हो," मी म्हटलं. "रडत होतो."

"मग ती कुठून आली?" त्याने विचारलं.

"माहीत नाही रे."

तो विचार करत राहिला. मग सूप मागितलं.